मोठ्या मापाचं काज

१

मीडियमचे पॅटर्न जागेवर होते. लार्ज आणि त्याच्या पुढची सगळी मापं गायब होती.

त्या जागेला कारखाना म्हणायचं ते फक्त चिरंजीवांचं मन राखायला. मोटार दुरुस्तीच्या गॅरेजवरची एक लांबट खोली, मधोमध कापड कापायचं टेबल, एका कोपऱ्यात फोटो काढायला टांगलेला पांढरा पडदा, दुसऱ्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या पार्सलांचा ढीग. भिंतीला एक लोखंडी दांडी आणि दांडीच्या आकड्यांना जाड तपकिरी कागदाचे पॅटर्न. पाठीचा कागद, पुढच्या भागाचा, बाहीचा, कॉलरचा. कापडावर कागद ठेवायचा, खडूनं रेघ ओढायची, कात्री चालवायची. कागद नसेल तर पुढं सगळं ठप्प. आणि आज सकाळी अर्धे आकडे रिकामे होते.

"चोरी झाली आत्या. सरळसरळ चोरी," चिरंजीव म्हणाले.

आत्यानं चष्मा पुसला. ती चिरंजीवांच्या वडिलांची थोरली बहीण. सगळी नोकरी विमा कंपनीत, दावे तपासण्यात गेलेली. आपल्याच दुकानाला आग लावून दारात छाती बडवत बसणारे लोक तिनं इतके पाहिले होते की कोणी हुंदका दिला की तिचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा. घरात सगळे तिला पाठीमागे खवट आत्या म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

"कुलूप फोडलंय?"

"नाही. म्हणून तर म्हणतो, घरचाच भेदी. किल्ल्या तिघांकडेच. मी, माझा भागीदार आणि मास्तर."

"मग मास्तरच, असं तू ठरवून टाकलंस."

"उघड आहे ना! दुसऱ्या कारखानदाराला विकले असणार. आज दुपारी बडे साहेब येतायत बँकेतून. त्यांनी पैसे घातले तर ठीक, नाहीतर सगळा खेळ खलास. त्यांच्यासमोर मास्तरला उभा करतो आणि तिथूनच पोलिसात देतो. सकाळपासून मी लाइनीतल्या ओळखीच्या सगळ्या कारखानदारांना फोन करून सांगितलंय, हा माणूस चोर आहे, दारात उभा करू नका."

आत्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. हाच पोरगा बँकेत कर्ज बुडण्याचा धोका मोजायचा. एक दिवस उठला आणि म्हणाला, मला मनाचं ऐकायचंय. मन काय म्हणालं, तर बायकांचे लांब, पुढून बटणांचे फ्रॉक इंटरनेटवर वीक. स्वतःच्या चड्डीची नाडी ओवता न येणारा माणूस बायकांना काय शोभतं ते सांगायला निघाला. त्याच्यासारखे दीडशहाणे गल्लोगल्ली झाले होते म्हणा. पण हा तिच्या भावाचा पोरगा. भाऊ गेला, आईवडील कधीच गेले. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते समोर उभं होतं, गुळगुळीत दाढी करून, खांद्याला पोस्टरची लांब काळी नळी अडकवून.

"पाणी पिताना तरी ती नळी खाली ठेव."

"प्रेझेंटेशनचं आहे ते," चिरंजीव म्हणाले आणि पट्टा सारखा केला.

"बरं, मला एक सांग. विकायलाच नेले, तर मीडियम का ठेवलं?"

"घाईत राहिलं असेल."

"घाईत असलेला चोर मापं बघून चोरी करत नाही," आत्या म्हणाली.

चिरंजीव काहीतरी बोलणार तेवढ्यात जिन्यावर दणदण पावलं वाजली आणि दारातून एक खर्जातला आवाज आला. "कोण म्हणतंय मला चोर? समोर येऊन म्हणा!"

२

मास्तर म्हणजे मिशीला तूप लावून हिंडणारा गृहस्थ. गरीब बिचारा वगैरे शोधायला गेलात तर फजिती व्हायची. उभं आयुष्य नाटक कंपन्यांचे कपडे कापण्यात गेलेलं, त्यामुळे साधं 'बसा' म्हणतानासुद्धा मागं पडदा वर जातोय असं वाटावं.

"राजेरजवाड्यांचे अंगरखे कापलेत या हातांनी," तो म्हणाला. "पडदा पडला तरी लोक टाळ्या वाजवायचे."

"अंगरख्याला टाळ्या?" आत्यानं विचारलं.

मास्तरनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं. "आणि हे कालचे कारकून मला चोर म्हणतात!"

"काल रात्री कुठं होतात?"

"घरी. आणखी कुठं असणार?"

"हे मोठ्या मापांचे पॅटर्न कोणी काढले होते?"

मास्तर उत्तर देणार होता. तोंड उघडलंही होतं. पण मधेच चिरंजीव बोलले, "कोणी म्हणजे? मास्तरांनीच. मी सगळी मापं त्यांच्यावर सोपवली होती. आणि म्हणूनच माल परत येतोय. हे मी बडे साहेबांनाही मेलवर कळवलंय."

मास्तरचा चेहरा लालबुंद झाला. आता हा काहीतरी मुद्द्याचं बोलेल म्हणून आत्या वाट पाहत राहिली. पण मास्तरनं हाताची घडी घातली.

"सोपवली म्हणे! ज्या जागेत मला चोर म्हणतात तिथं मी खुलासे देत नाही. मी मीडियम कापलं, ते यांच्या बायकोच्या अंगावर बसवून दिलं. माझं काम चोख आहे. बाकीचं ज्याचं त्याला विचारा."

"अहो, पण मोठी मापं तुम्ही काढलीत की नाही? हो का नाही एवढंच सांगा."

"नाही सांगत!"

"कापताना काही खटकलं होतं?"

"खूप खटकलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं होतं कोणी?"

आत्याला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माणूस डोळ्यांदेखत बुडतोय आणि दोर टाकला तर म्हणतो, आधी माझी माफी मागा. त्या फोनांनंतर याच्या हातात कोणी कात्री देणार नव्हतं. नाटक कंपन्या तर कधीच बंद पडल्या होत्या. हे त्यालाही ठाऊक होतं. पण ताठा काही जाईना.

"पॅटर्न आणा," मास्तर शेवटी म्हणाला. "माझ्यासमोर टाका. मग बोलतो."

"ते गेलेत म्हणून तर ही सगळी बोंब चाललीय."

"तर मग मी तरी काय करू?"

पॅटर्न आणा म्हणणारा माणूस निर्दोष असतोच असं नाही. कागद परत येणार नाहीत हे पक्कं माहीत असलेला चोरही छाती काढून असंच म्हणतो. आत्यानं असे छातीवाले बरेच पाहिले होते. त्यामुळे तिनं मास्तरला ना सोडलं, ना धरलं. ती पार्टिशनच्या पलीकडे गेली. तिथं दुसरा किल्लीवाला दबक्या आवाजात फोनवर बोलत होता, "हो सर, मी परत यायला तयार आहे, फक्त यांना एवढ्यात कळू देऊ नका."

३

भागीदारानं फोन पाठीमागं लपवला. शाळेतला पोरगा चिंच लपवेल तसा.

हा प्राणी चिरंजीवांबरोबरच बँक सोडून आलेला. शिलाईच्या दोऱ्यांनी आणि कापडाच्या भुशानं भरलेल्या खोलीतही रोज टाय लावून बसायचा. आत्यानं मनातल्या मनात त्याचं नाव टाय ठेवून टाकलं होतं.

"बँकेत परत चाललात वाटतं?"

"आत्या, प्लीज, त्याला सांगू नका. तो माझा जिवलग मित्र आहे."

"जिवलग दिसतोच आहे. कधीपासून बोलणं चाललंय?"

"माल परत यायला लागला तेव्हापासून. मोठ्या मापाचं जवळजवळ सगळंच परत येतंय. तो म्हणतो मास्तरची चूक. असेल. मला त्यातलं काही कळत नाही. मी फक्त आकडे बघतो."

"काल संध्याकाळी सगळ्यात शेवटी कोण गेलं इथून?"

"मी निघालो तेव्हा मास्तर गेलेले होते. तो एकटा पोस्टर आवरत बसला होता. बडे साहेबांसाठी."

हेतू होता, किल्ली होती. धंदा बुडाला म्हणून बोंब झाली असती तर टायची भागीदारीतून सुटका झाली असती, आणि वर 'चोरीमुळे बुडालो' असं तोंड वर करून सांगता आलं असतं. आत्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"चोरीला काय गेलं ते दाखवा मला. कुठं होतं?"

टाय उठला आणि तडक कापडाच्या ताग्यांपाशी गेला. फुलाफुलांचं, चौकटीचं, ठिपक्यांचं. त्यानं एकेका ताग्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का आत्या? मी सकाळीच मोजले. सगळे पॅटर्न जागेवर आहेत. फुलं आहेत, चेक्स आहेत, ठिपके आहेत. चोरी झालेलीच नाही. मला वाटतं त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणून तर मी परत जातोय."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "पॅटर्न म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?"

"म्हणजे डिझाइन. कापडावरचं. नाही का?"

"त्या भिंतीवरचे कागद कसले आहेत?"

टायनं मीडियमच्या कागदांकडे पाहिलं. "ते? मला वाटलं पॅकिंगचे."

कपड्यांच्या धंद्याचा अर्धा मालक! आत्याला हसावं की रडावं कळेना. पण एक झालं. पॅटर्न कशाला म्हणतात हेच ज्याला माहीत नाही, तो त्यातली नेमकी मोठी मापं निवडून चोरणार नव्हता. असं अज्ञान सोंग आणून जमत नाही, ते बरीच वर्षं गलेलठ्ठ पगार घेऊनच अंगी येतं.

"जा बँकेत," आत्या म्हणाली. "तुमचं जिथं आहे तिथं ठीक आहे."

ती वळली तर पार्सलांच्या ढिगाजवळून कुजबुजत भांडण ऐकू आलं. चिरंजीव दात खाऊन बायकोला सांगत होते, "मी तुला सकाळीच सांगितलं होतं ना, हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाक म्हणून? अजून इथं कसं?"

४

"इथंच राहील," भाचेसून म्हणाली. "आत्यांनी बघितल्याशिवाय मी काही हलवणार नाही."

तिनंच आत्याला फोन करून बोलावलं होतं. अजून बँकेत नोकरीला होती आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं. रजेच्या दिवशी इथं येऊन फोटोसाठी फ्रॉक घालून उभी राहायची, उरलेल्या वेळात पार्सलं बांधायची. चिरंजीव पाय आपटत खाली गेले. साहेबांच्या गाडीला जागा बघायची होती म्हणे.

"तुला तरी हा धंदा चालायला हवा होता का गं?" आत्यानं तोंडावरच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? वर्षअखेर जमलं नाही तर नोकरी बघ, नाहीतर मी माहेरी जाते, असं सांगितलंय त्याला. पण म्हणून मी कागद चोरले नाहीत आत्या. माझ्याकडे किल्लीही नाही. आणि मास्तर भांडकुदळ असतील, चोर नाहीत. पहिला फ्रॉक माझ्या अंगावर बसवताना त्यांनी तो तीनदा उसवला. कोणी सांगितलं नव्हतं. पैसेही मिळणार नव्हते."

"मोठ्या मापाचा कधी कोणाच्या अंगावर बघितलायस?"

"कोणाच्या बघणार? फोटोत मीच असते. मी मीडियम."

आत्यानं स्वतःकडे एकदा खालपासून वर पाहिलं. तिच्या अंगावर विमा कंपनीच्या कॅन्टीनची कित्येक वर्षं जमा झाली होती. "दे मला एक. माझ्या मापाचा."

पडद्यामागून ती बाहेर आली तेव्हा भाचेसुनेनं तोंडावर हात धरला. मग दोघींनाही हसू आवरेना. कंबर बरोबर होती, छाती बरोबर होती, पण गळा इतका रुंद की एक खांदा खाली घसरला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. खिसा गुडघ्याकडे निघाला होता. खालची किनार तर जमीन पुसत होती.

"बाई गं! हे कोणासाठी शिवलंय? ताडमाड राक्षसिणीसाठी?"

असं म्हणून आत्या पोट धरून हसली आणि पोटावरचं बटण सुटलं. तिनं ते लावलं. पुन्हा सुटलं. तिला जरा राग आला. फ्रॉक पोटावर घट्ट नव्हता, चांगला सैल होता. तिनं श्वास आत ओढून तिसऱ्यांदा लावलं. हात वर केला तर सगळीच्या सगळी बटणं एकापाठोपाठ एक सटासट बाहेर आली.

तिचं हसू थांबलं. तिनं चष्मा लावला आणि एक काज बोटांत धरून उजेडाकडे नेलं.

"दुसऱ्या कापडाचा दे. हां. आता तिसरा." सगळीकडे तेच. "आता तुझा मीडियम दे बघू."

मीडियमची बटणं काजात घट्ट बसली होती, ओढूनही निघेनात. बटण मात्र दोन्हींत एकच होतं. एकाच डबीतलं.

"फ्रॉक शिवतात कोण?"

"बाहेर देतो शिवायला. पॅटर्नवर काजाची खूण असते ना, कुठं पाडायचं आणि किती लांब, तेवढं ते पाडतात. स्वतःचं डोकं लावत नाहीत."

"नाही लावलं तेच बरं केलं त्यांनी," आत्या म्हणाली. तिच्या आवाजातला गमतीचा सूर गेला होता. "टेप दे."

तिनं गळा मोजला, खांदा मोजला. बाही, कफ, खिसा, शेवटी काज. मग मीडियमवर तेच सगळं. भाचेसून शेजारी उभी राहून मोबाइलवर भागाकार करत होती आणि दर भागाकाराला तिचा चेहरा उतरत होता. ती बँकेतली होती. तिला सांगायची गरज पडली नाही.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "हे मास्तरांचं काम नाही."

"नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

आत्याला भावाची आठवण आली. भाऊ असता तर म्हणाला असता, ताई, एवढ्या वेळी सांभाळून घे. सांभाळून घेतलंही असतं तिनं. नापास झालेल्याला आपण घेतो, धंद्यात बुडालेल्यालाही घेतो. पण दुसऱ्याच्या गळ्यात फास अडकवून वर दाढी गुळगुळीत ठेवणाऱ्याला कसं घ्यायचं?

खाली गाडीचं दार वाजलं. जिन्यावरून चिरंजीवांचा मधाळ आवाज वर येऊ लागला. "या सर, या. जरा पायऱ्या सांभाळून. सर, आज तुम्हाला एक दुर्दैवी प्रकारही बघावा लागणार आहे."

५

बडे साहेब म्हणजे एकेकाळचे चिरंजीवांचे वरिष्ठ. पोट पुढे, हात मागे. त्यांनी खोलीकडे अशी नजर टाकली की खुर्चीनंही ओशाळावं. मास्तर भिंतीला टेकून उभा होता. टाय पाणी घेऊन आला.

चिरंजीवांनी सुरुवात केली. विश्वासघात, अंतर्गत नियंत्रण, एका माणसावर अवलंबून राहण्याचा धोका. बँकेतले सगळे शब्द एकेक करून बाहेर आले.

"आधी पोस्टर तरी लाव," टाय मधेच म्हणाला. "सरांना आपलं स्वप्न दिसू दे. काल त्यासाठी एवढा बसला होतास."

"आज पोस्टर नको," चिरंजीव म्हणाले.

"अरे, नळी तर खांद्यावरच आहे!"

"नको म्हटलं ना!"

आत्या मोठ्या मापाच्या फ्रॉकमध्येच पुढं आली. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"साहेब, दोन मिनिटं मला बघा. लाजू नका, वय झालंय माझं. बाई जाड झाली की कंबर वाढते. तिचा हात लांब होतो का हो? गळा केवढा रुंद होतो? खिसा गुडघ्यावर जातो? हे यांचं लार्ज. गळा, खांदा, बाही, कफ, खिसा, सगळं मीडियमपेक्षा सारख्याच टक्क्यांनी मोठं. तुमच्याकडे पगारवाढ देतात तसं, सरसकट."

"वाईट कारागीर," साहेब म्हणाले. "तेच सांगतोय हा."

"मीही तसंच म्हटलं असतं. पण हे बघा." तिनं काजात करंगळी घालून दाखवली. "काजसुद्धा तेवढ्याच टक्क्यांनी मोठं आहे. बटण तेच, काज मोठं. जगातला कितीही वाईट मास्तर असू दे, काजाची खूण करताना त्याच्या हातात बटण असतं. तो बाही लांब करील, गळा बिघडवील, पण काज वाढवणार नाही. त्याच्या डोक्यातच येणार नाही ते. काज कोण वाढवील? ज्यानं मीडियमचं अख्खं चित्र कॉम्प्युटरवर घेतलं, टक्के टाकले आणि बटन दाबलं तो. मग तसाच तपकिरी कागद आणून छापून घेतला आणि दांडीला टांगला. म्हणजे मीडियम मास्तरच्या हातचं आणि मोठी मापं छापील. आता सांगा, चोरानं मीडियम का ठेवलं आणि नेमकी छापील तेवढीच का नेली?"

साहेबांनी पुढं वाकून काज नीट पाहिलं.

"कारण 'सगळं मास्तरांनी काढलं' असं तुम्हाला कळवून झालं होतं. तो छापील कागद कोणीही एकदा हातात घेतला असता तर खोटं उघडं पडलं असतं. खरा चोर मीडियम नेतो हो, त्याच्यावरून हवं ते माप काढता येतं. मास्तरला ते माहीत आहे. या टायवाल्यांना पॅटर्न म्हणजे फुलं वाटतात. सुनेकडे किल्ली नाही, आणि परत आलेला माल आज भंगारात जाऊ नये म्हणून भांडली ती. आणि तो आजच भंगारात जावा म्हणून कोण हट्टाला पेटलं होतं?"

"आत्या, तू काय बोलतेयस तुला कळतंय का?" चिरंजीवांचा आवाज फाटला. "हा सगळा अंदाज आहे! पुरावा काय?"

"आयुष्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दारात आलं आणि तू पोस्टर उघडत नाहीस. पाणी पितानासुद्धा नळी खाली ठेवत नाहीस. उघड."

चिरंजीवांनी साहेबांकडे पाहिलं. मग बायकोकडे. बायको पुढं आली, तिनं त्यांच्या खांद्यावरून पट्टा काढला, एखाद्या लहान पोराचं दप्तर काढावं तसा, आणि झाकण फिरवलं. तपकिरी कागदाची गुंडाळी टेबलावर पडून आपोआप उलगडली. सरळ, बारीक, छापील रेघा. कोपऱ्यात छपाईच्या दुकानाचं नावसुद्धा होतं.

"हेच ते," मास्तर म्हणाला. "छापील भूत."

"मग सकाळी तोंडाला कुलूप कशाला लावलं होतंत?" आत्या त्याच्यावर खेकसली. "तुमच्या ताठ्यापायी तुरुंगात गेला असतात!"

"चुकलं," मास्तर पुटपुटला. तो शब्द त्याच्या तोंडात नवा असावा.

बडे साहेब उठले. "मापाची चूक मी समजू शकलो असतो," ते म्हणाले. "ती शिकता येते." पाण्याच्या पेल्याला हातही न लावता ते खाली गेले. टाय त्यांच्या मागोमाग निघाला, गाडीचं दार उघडायला.

६

"गैरसमज झाला होता," चिरंजीव मास्तरला म्हणाले. "मी दबावाखाली होतो. तुम्ही समजून घ्या. आपण पगाराचंही बघू."

"गैरसमज तुझा नव्हता," आत्या म्हणाली. "तुला सगळं नीट समजत होतं. सकाळी किती जणांना फोन केलास?"

"आत्या, ते मी निवांत..."

"आत्ता. आवाज मोठा ठेवून. सगळ्यांच्या समोर."

"मी लाइनीत तोंड दाखवू शकणार नाही!"

"आणि मास्तरनं दाखवायचं होतं?"

चिरंजीवांनी बायकोकडे पाहिलं. ती टेबलाला टेकून उभी होती. त्यांनी मोबाइल काढला. पहिला नंबर लागला. पलीकडे मशिनांचा खडखडाट आणि एक घाईतला माणूस.

"हां, बोला शेठ. सापडला का तुमचा चोर?"

"नाही... म्हणजे त्यात थोडं मिसकम्युनिकेशन झालं होतं. प्रक्रियेत एक..."

"मराठीत सांग," आत्या म्हणाली.

चिरंजीवांनी मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. कपाळावर घाम आला होता. आत्याला त्यांची कीव यायला हवी होती. शोधूनही सापडेना. लाज मात्र वाटत होती, स्वतःच्या रक्ताची.

"मास्तरनी चोरी केली नाही," ते म्हणाले. "ते कागद मीच लपवले होते."

पलीकडची मशीन थांबल्यासारखी वाटली. "तुम्ही? तुमचेच कागद? कशाला हो?"

बँकेत असताना या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. उत्तराच्या मागं तक्ता, तक्त्याच्या मागं आलेख. आता तक्ताही नव्हता आणि आलेखही. पलीकडचा माणूस दोनदा "हॅलो" म्हणाला.

"कारण मला मापं काढता येत नव्हती," चिरंजीव म्हणाले. "आणि ते कोणाला सांगायचं नव्हतं."

"एवढंच?" पलीकडचा माणूस म्हणाला. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "अहो मग मास्तरला विचारायचं की."

फोन बंद झाला. चिरंजीव खुर्चीकडे वळले, तर खुर्चीवर मास्तर आधीच बसला होता, पायावर पाय टाकून. आत्यानं बाही वर दुमडली. ती पुन्हा खाली आली.

"पुढचा लाव," ती म्हणाली.